जुनं ठाणं वाचायचं कसं: टेंभी नाका, तलावपाळी आणि जनगणनेचा ‘इतर’ रकाना

तलावपाळीवर कौपिनेश्वराचं देऊळ, तलावाजवळच सेंट जॉन बाप्टिस्ट चर्च. तिथून टेंभी नाक्याकडे चालायला लागलं की थोड्याच वेळात मुनिसुव्रत स्वामींचं जैन देरासर, पारशांची अग्यारी आणि सिव्हिल हॉस्पिटलजवळचं ज्यूंचं सिनेगॉग लागतं. स्टेशनाच्या अंगाला चेंदणी कोळीवाडा, खाडीकडे महागिरी, जेलच्या बाजूला राबोडी. ही यादी ठाणेकरांना पाठ आहे. पण यादीवरून दोन साध्या प्रश्नांची उत्तरं मिळत नाहीत: यातलं कोण कधी आणि कशासाठी आलं? आणि आज इथे कोण किती आहेत?

पहिल्याचं उत्तर दगडांत, नावांत आणि जमिनीच्या कागदांत आहे. दुसऱ्याचं जनगणनेत शोधायचं असतं. घोटाळा असा होतो की, पहिल्या शोधात जी माणसं ठळक दिसतात त्यांतल्या निम्म्यांना दुसऱ्यात रकानाच नसतो. मग कुणी म्हणतं, ‘आकड्यांत नाहीत म्हणजे उरले नाहीत,’ आणि कुणी म्हणतं, ‘देऊळ आहे म्हणजे वस्ती मोठी असणार.’ दोन्ही चूक. हा लेख दोन्ही गोष्टी नीट वाचायच्या कशा, यासाठी आहे.

कोण कशासाठी आलं

जुन्या ठाण्यातली प्रत्येक वस्ती कुठल्या ना कुठल्या कामाच्या मागे आली. हे एकदा लक्षात ठेवलं की सनावळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

सगळ्यांत खालचा थर खाडीचा. कोळी मासेमारीमुळे, आगरी मिठागरांमुळे. आगर म्हणजे मिठाची खाचरं, त्यावरून आगरी. चेंदणीचं मीठबंदर हे नाव आजही तो धंदा सांगतं. रेल्वे आली तेव्हा रूळ याच वस्तीच्या अंगावरून गेले, म्हणून चेंदणी कोळीवाडा हे नाव पूर्वेलाही ऐकू येतं आणि पश्चिमेलाही.

त्यावर राजधानीचा थर. उत्तर कोकणच्या शिलाहारांचं ‘श्रीस्थानक’ ते हेच ठाणं. १७८७ मध्ये इथे पायाचं खोदकाम चालू असताना शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट सापडला. त्यावर शके ९३९ आहे, म्हणजे इसवी सन १०१७. शहराच्या वयाबद्दल बोलताना हा हातात धरता येण्यासारखा पुरावा आहे. मुनिसुव्रत स्वामींच्या देरासराला जोडून जी श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीची कथा सांगितली जाते, ती जैन परंपरेतली श्रद्धेची कथा आहे. ती जपावी, मात्र सनावळीत बसवू नये. देरासराची आजची वास्तू अलीकडची आहे.

मग बंदराचा थर, आणि इथेच बहुतेकांची पहिली चूक होते. ‘ठाण्यात ख्रिस्ती धर्म पोर्तुगिजांनी आणला’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक ठाण्यात मारले गेले. त्यांतला एक टोलेंटिनोचा थॉमस. त्या प्रसंगाचे जे वृत्तांत युरोपात पोचले त्यांत स्पष्ट आहे की, ठाण्यात नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाचे, ख्रिस्ती राहत होते आणि हे पाहुणे त्यांच्याकडेच उतरले होते. म्हणजे पोर्तुगिजांच्या आधी दोनशे वर्षं इथे ख्रिस्ती घरं होती, मुसलमान काझी होता, आणि समुद्रावरून आलेल्या माणसाला आपल्या धर्माचं घर सापडत होतं. बंदराच्या गावात हे असं असणं साहजिकच होतं.

आज जे ख्रिस्ती ईस्ट इंडियन म्हणून ओळखले जातात, त्यांची परंपरा मात्र पोर्तुगीज काळातली. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टी, म्हणजे ठाणं ज्यावर आहे ते बेट, पोर्तुगिजांकडे गेली आणि पुढची दोनशे वर्षं राहिली. इथल्याच कोळी, आगरी, शेतकरी कुटुंबांनी धर्म बदलला, भाषा मराठीच ठेवली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव तर त्याहून कितीतरी नंतरचं, १८८७ चं. गोवा आणि मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्त्यांपेक्षा आपण इथले भूमिपुत्र, वेगळे, हे सरकारला कळावं म्हणून त्या वर्षी संघटना काढून हे नाव घेतलं गेलं. राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीचा सुवर्णमहोत्सव होता तेव्हा. नाव इंग्रजी, धर्म पोर्तुगीज वाटेने आलेला, आणि घरात बोलणं मराठीचं. एका समाजाच्या ओळखीत तीन सत्तांचा इतिहास असा बसलेला आहे.

सत्तांतरं इथे पटापट झाली. पोर्तुगिजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला, तो पुरा व्हायच्या आत, १७३७ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं मराठ्यांकडे आलं. हाच किल्ला आजचं मध्यवर्ती कारागृह. मराठी अमलात सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी १७६० मध्ये कौपिनेश्वराचं देऊळ बांधलं. सरसुभा आला की त्यामागे दफ्तर येतं, आणि दफ्तरामागे लिहिणारी माणसं: ब्राह्मण, कायस्थ प्रभू. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी किल्ला घेतला, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. लगेच पारशी वस्ती वाढलेली दिसते. कावसजी पटेलांच्या नावाची अग्यारी १७८० ची आहे. यातलं ‘पटेल’ हे आडनावासारखं वाटतं, पण मुळात तो गावकीच्या अधिकाराचा हुद्दा होता. नव्या सरकारला वस्ती बसवणारा, वसूल जमवणारा माणूस हवा होता, आणि त्याच्याबरोबर त्याचे लोक आले.

बेने इस्रायल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, हे मूळ कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याच्या, किनाऱ्यावरचे. अलिबागजवळच्या नवगावला जहाज फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा सांगते. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळायचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली. कंपनी सरकारच्या पलटणी, मग कचेऱ्या, इस्पितळं, रेल्वे, या नोकऱ्यांनी त्यांना किनाऱ्यावरून मुंबई-ठाण्यात आणलं. मुंबईत त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ चं, ठाण्याचं शाआर हाशामाइम, म्हणजे ‘स्वर्गाचं द्वार’, १८७९ चं. या दोन सनांमधलं अंतरच सांगतं की ठाण्याची वस्ती नंतर घट्ट झाली. प्रार्थनास्थळ कधीही पहिल्या माणसाबरोबर येत नाही. आधी चार घरं येतात, मग भाड्याच्या खोलीत प्रार्थना, मग दफनभूमी, आणि वर्गणी जमली की वास्तू. म्हणून वास्तूचं साल हे वस्तीच्या सुरुवातीचं नव्हे, वस्तीला बळ आल्याचं साल समजावं.

एका ताटात हा सगळा प्रवास बघायचा असेल तर मलिदा बघावा. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात गेल्यावर बेने इस्रायल घरात एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या नावाने हे ताट मांडतात. भिजवलेले पोहे, साखर, ओल्या नारळाचा चव, वेलची, वर सुका मेवा, भोवती फळं. प्रार्थना हिब्रू, ताटातले पोहे-नारळ कोकणातले, आणि ‘मलिदा’ हा शब्द दर्ग्यावर चढवायच्या प्रसादालाही चालतो. नववर्षाच्या सणाचा चिकाचा हलवाही तसाच. गव्हाचा चीक कुरडईसाठी काढतात तसाच काढायचा, पण शिजवायचा नारळाच्या दुधात. कारण धर्मनियमाप्रमाणे मांसाच्या जेवणाबरोबर जनावराचं दूध चालत नाही, नारळाचं चालतं. कोकणात नारळ होता म्हणून नियम मोडावा लागला नाही.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. अंतर २१ मैल, डबे १४, पाहुणे सुमारे ४००. त्यानंतर येणारा माणूस वेगळा: मुंबईत नोकरी, ठाण्यात घर. १८६३ मध्ये नगरपालिका झाली. पुढे पोखरणकडे १९२५ ची रेमंडची लोकरगिरणी, फाळणीनंतर कोपरीत सिंधी निर्वासितांची वसाहत, आणि १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर वागळे इस्टेट. घाटावरचे, कोकणातले, उत्तरेतले, दक्षिणेतले कामगार या तीन-चार दशकांत आले. हा थर सगळ्यांत जाड आहे आणि त्याबद्दल सगळ्यांत कमी लिहिलं गेलं आहे, कारण त्याने मागे सालाचे दगड ठेवले नाहीत. त्याच्या खुणा चाळींच्या नावांत आणि गणेश मंडळांच्या स्थापनावर्षांत शोधाव्या लागतात.

दगडावरचं साल कुठल्या पंचांगाचं?

जुन्या ठाण्यात पाच-सहा कालगणना एकत्र नांदतात. चुकीच्या पंचांगाने साल काढलं की वस्ती पन्नास वर्षांनी पुढे-मागे सरकते. सूत्रं सोपी आहेत.

शके असेल तर ७८ मिळवा. मात्र शक पाडव्याला बदलतो, त्यामुळे जानेवारी ते पाडवा या काळातल्या घटनेला ७९ मिळवावे लागतात. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा. दिवाळीला बदलणारा गुजराती संवत असेल तर दिवाळीनंतरच्या दोन महिन्यांसाठीच ५७, बाकीच्या वर्षासाठी ५६. जैन देवळांत वीर संवतही दिसतो, तोही दिवाळीला बदलतो, त्यातून तसेच ५२७ किंवा ५२६ वजा. शके आणि संवत यांत १३५ वर्षांचा फरक आहे, आणि दगडावर नुसता आकडा असला की गफलत इथेच होते. आकड्याआधीचं ‘श.’ किंवा ‘सं.’ झिजलं असेल तर लिपी आणि देणगीदाराचं नाव बघून ठरवावं.

हिजरी साल चांद्र असतं, वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून सरळ बेरीज चालत नाही. हिजरीला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. उदाहरणार्थ ७२१ हिजरी: ७२१ × ०.९७ = ६९९.३७, अधिक ६२२, म्हणजे १३२१. वर उल्लेख आला तेच हे साल.

पारशांचं यज्दगर्दी साल असेल तर ६३० मिळवा, फार तर ६३१. अग्यारीचं १७८० म्हणजे यज्दगर्दी ११४९ किंवा ११५०. हिब्रू सालातून ३७६० किंवा ३७६१ वजा करायचे, कारण त्यांचं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात बदलतं. १८७९ म्हणजे हिब्रू ५६३९-४०. हिब्रूत साल आकड्यांनी नाही, अक्षरांनी लिहितात आणि पाच हजार बहुधा गाळतात. त्यामुळे अक्षरांची किंमत मिळवून ६३९ आलं तर ते इसवी सन समजून चकित होऊ नये.

बेने इस्रायलांच्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर असतो. तो आधी वाचावा, अर्धं काम तिथेच होतं.

नावांचे सापळे

आडनाव हा चांगला पुरावा आहे, पण एकटा नाही. पेणकर, दिवेकर, किहीमकर, नवगावकर ही बेने इस्रायल आडनावं कुलाब्याच्या गावांवरून आली. नकाशावर ती गावं खुणा करून बघितली की स्थलांतराची वाट डोळ्यांसमोर येते. पण दिवेकर हिंदूही असतात. नुसत्या आडनावावरून धर्म ठरवला की मोजणी फसते.

ख्रिस्ती आडनावांत उलटी अडचण. परेरा, डिसोझा, रॉड्रिग्ज ही आडनावं बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री किंवा धर्मपित्याकडून मिळाली. एकाच आडनावाची दोन घरं भाऊबंद असतीलच असं नाही, आणि ईस्ट इंडियन, गोवन, मंगळुरी तिघांतही तीच आडनावं आहेत. फरक कळतो तो घरातल्या बोलीने. ईस्ट इंडियन घरात मराठीची बोली, इतर दोघांत कोंकणी.

जागेच्या नावांचंही तसंच. मराठी आरमाराच्या कागदांत ‘महागिरी’ नावाचं गलबत येतं, आणि ठाण्यात खाडीला लागून महागिरी आहे. जुळणी मोहक आहे. पण दोन नावं जुळली एवढ्यावर व्युत्पत्ती लिहून टाकू नये. मधला एखादा कागद मिळेपर्यंत ती नोंदवहीत राहू द्यावी.

असा कागद शोधायची जागा म्हणजे नगर भूमापन कार्यालय. प्रत्येक भूखंडाला सिटी सर्व्हे नंबर असतो, आणि त्याची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, निघते. त्यावर क्षेत्र, सत्ता प्रकार, धारकाचं नाव आणि खाली फेरफाराच्या नोंदी. आजच्या धारकापासून सुरू करून फेरफार उलट वाचत मागे जायचं. वारसाने नाव लागलं की कुटुंब तेच, खरेदीखताने लागलं की कुटुंब बदललं. एका आळीतले दहा-बारा भूखंड असे वाचले की कुठल्या दशकात कोण गेलं आणि कोण आलं ते समजतं. अडचण येते ती पुनर्विकासाने. इमारत झाली, सोसायटीच्या नावाने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालं, की कार्डावर एकच नाव उरतं. पुढची माणसं कार्डावर दिसत नाहीत. कोळीवाड्यात आणि गावठाणात दुसरी अडचण: घर पिढ्यान्‌पिढ्या तोंडी वाटणीने वापरात आणि कार्डावर पणजोबाच. तिथे कार्ड जुनं म्हणून वस्ती थांबली असं समजू नये.

आता आकडे

१९०१ मध्ये ठाणे शहराची लोकसंख्या १६,०११ होती. २०११ मध्ये महापालिका क्षेत्राची १८,४१,४८८. भागाकार केला तर ११५ पट. गणित बरोबर, निष्कर्ष चूक. कारण १९०१ चं ठाणं म्हणजे तलावपाळी, टेंभी नाका, बाजारपेठ, चेंदणी एवढाच टापू. १ ऑक्टोबर १९८२ ला महापालिका झाली तेव्हा कळवा, मुंब्रा, घोडबंदर बाजूची गावं हद्दीत आली. १९९१ चा आकडा ८,०३,३८९ आहे. त्यात वाढ किती आणि हद्द किती, हे वेगळं केल्याशिवाय १९८१ शी तुलना करू नये. १९९१ नंतर हद्द तशीच राहिल्याने पुढची तुलना चालते: २००१ मध्ये १२,६२,५५१, म्हणजे दहा वर्षांत ५७ टक्के वाढ. २०११ पर्यंत आणखी ४६ टक्के.

जिल्ह्याचा आकडा तर त्याहून फसवा. २०११ च्या पुस्तकांत ठाणे जिल्हा १,१०,६०,१४८ लोकांचा आहे, कारण तेव्हा पालघर त्यातच होता. १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला, आणि आजच्या ठाणे जिल्ह्याच्या वाट्याला त्यातले ८०,७०,०३२ येतात. जव्हार, मोखाडा, डहाणू हे आदिवासी तालुके पलीकडे गेले. त्यामुळे जुन्या जिल्ह्याची आदिवासी टक्केवारी आजच्या ठाण्याला लावली की चित्र पार बिघडतं.

वॉर्डाचा आकडा कुठे मिळतो? जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात. प्रत्येक वॉर्डासाठी कुटुंबं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, साक्षर आणि कामकरी असे रकाने असतात. धर्म आणि मातृभाषा नसतात. ते तक्ते वॉर्डाच्या पातळीवर छापलेच जात नाहीत. म्हणून ‘अमुक वॉर्डात अमुक धर्माचे इतके टक्के’ असं कुणी ‘जनगणनेनुसार’ म्हणून सांगितलं तर तो आकडा जनगणनेचा नाही, मतदारयादीतल्या नावांवरून केलेला अंदाज आहे. अशा अंदाजात वर सांगितलेल्या आडनावांच्या सगळ्या चुका येतात. शिवाय वॉर्डही तीन प्रकारचे: जनगणनेचा, निवडणुकीचा प्रभाग आणि प्रभाग समितीचा. क्रमांक सारखे दिसले तरी हद्दी जुळत नाहीत. आकडा घ्यायच्या आधी नकाशा घ्यावा.

वॉर्डाच्या रकान्यांतून तरी बरंच कळतं. स्त्रियांची संख्या भागिले पुरुषांची, गुणिले हजार, हे लिंगगुणोत्तर. २०११ ला सगळ्या शहरासाठी ८,६६,०८९ भागिले ९,७५,३९९, म्हणजे ८८८. हे एवढं कमी असण्याचं मोठं कारण एकटे येऊन राहणारे कामगार पुरुष. मात्र जुन्या ठाण्यात हे गणित लावताना जेलची आठवण ठेवावी. वसतिगृह, आश्रम, तुरुंग यांत राहणारे लोक जनगणनेत ‘संस्थात्मक कुटुंब’ म्हणून त्याच जागी मोजले जातात. समजा एका वॉर्डात १०,००० पुरुष आणि ९,००० स्त्रिया आहेत, गुणोत्तर ९००. त्या पुरुषांत एक हजार कैदी असतील तर ते बाजूला काढल्यावर ९,००० ला ९,०००, गुणोत्तर सरळ १,०००. तुरुंगाच्या भिंतीमुळे अख्खी आळी स्थलांतरित कामगारांची वाटू शकते. साक्षरता, मुलांचं प्रमाण, कुटुंबाचा सरासरी आकार, सगळ्यांवर याची सावली पडते.

मोजलं कुणाला जातं, हाही प्रश्न आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी झाली आणि १ मार्चच्या पहिल्या क्षणाला सगळं आणून बसवलं. त्या वीस दिवसांत माणूस सबंध काळ गावी असेल तर तो गावी मोजला जातो, थोडे दिवस जरी नेहमीच्या घरी असेल तर इथे. बेघर माणसं २८ फेब्रुवारीच्या रात्री मोजली. शिमगा त्यानंतर होता हे ठाण्याच्या नशिबानं बरं झालं, नाहीतर कोकणी घरांच्या दारांवर कुलपंच दिसली असती.

स्थलांतराच्या तक्त्यांत आपल्याकडची एक रीत मोठा गोंधळ घालते: पहिलं बाळंतपण माहेरी. मूल जन्मलं चिपळूणला, सव्वा महिन्याने आलं ठाण्याला, सगळं आयुष्य इथेच. जन्मस्थानाच्या तक्त्यात ते बाहेरून आलेलं. म्हणून जन्मस्थानाच्या जोडीला ‘याआधीचं राहण्याचं ठिकाण’ आणि ‘कारण’ हे तक्ते बघावेत. कारणांत ‘काम’ आणि ‘लग्न’ वेगळं केलं की खरे रोजगारासाठी आलेले समजतात.

रकाना नसलेली माणसं

२०११ च्या पत्रकात धर्मासाठी सहाच ठरलेले सांकेतिक अंक होते: हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन. बाकी कुणीही असेल तर प्रगणकाने, म्हणजे घरोघरी मोजणीला येणाऱ्या माणसाने, धर्माचं नाव पूर्ण लिहायचं. छापील मुख्य तक्त्यात हे सगळे ‘इतर धर्म’ मध्ये जातात. टेंभी नाक्यावर ज्यांच्या वास्तू आपण रोज बघतो ते पारशी आणि ज्यू, दोघेही त्या एका रकान्यात. वेगळे आकडे हवे असतील तर त्याच तक्त्याचं परिशिष्ट उघडावं लागतं. तिथून कळतं की २०११ मध्ये देशात पारशी ५७,२६४ होते, २००१ मध्ये ६९,६०१. ज्यू देशभरात ४,६५०, त्यांतले २,४६६ महाराष्ट्रात. १९४८ नंतर बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं इस्रायलला गेली. राहिलेल्यांत ठाण्याची वस्ती आज देशातल्या सगळ्यांत मोठ्यांपैकी आहे. राज्य सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये.

इतक्या लहान संख्येला प्रगणकाचा कंटाळासुद्धा महागात पडतो. दहा घरांत ‘ज्यू’ पूर्ण न लिहिता घाईने दुसराच अंक टाकला गेला तर शहराच्या एकूण आकड्यात फरक दिसणार नाही, समाजाच्या आकड्यात मात्र खड्डा पडेल.

बौद्धांचा रकाना आहे, पण त्याला इतिहास आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर जे बौद्ध झाले त्यांना अनुसूचित जातीचे हक्क कायद्याने मिळाले १९९० मध्ये. त्यामुळे १९८१ पर्यंतच्या अनुसूचित जातींच्या आकड्यात हे लोक नाहीत, १९९१ पासून आहेत. एखाद्या वस्तीत दहा वर्षांत अनुसूचित जाती एकदम वाढलेल्या दिसल्या तर बाहेरून कुणी आलं असं लगेच लिहू नये. लोक तेच असू शकतात, मोजणी बदलली.

कोळ्यांचं आणखी वेगळं. महादेव कोळी, मल्हार कोळी अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत, चेंदणीचे सोनकोळी नाहीत. ‘कोळी म्हणजे आदिवासी’ असं धरून वॉर्डाच्या जमातीच्या रकान्यात चेंदणी शोधली तर सापडणार नाही. ईस्ट इंडियन ‘ख्रिश्चन’ मध्ये मिसळतात, कोकणी मुसलमान ‘मुस्लिम’ मध्ये, आगरी आणि कायस्थ प्रभू ‘हिंदू’ मध्ये.

मातृभाषेने यांतले काही परत सापडतात. जनगणनेत मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलायची ती. ती सांगितली तशी लिहायची असते, पण छापताना मोठ्या भाषांखाली गट करतात. भोजपुरी हिंदीखाली जाते, मालवणी कोंकणीखाली. म्हणून ‘ठाण्यात हिंदी भाषक इतके’ या आकड्यात किती बोली लपल्या आहेत हे पोटगट उघडल्याशिवाय कळत नाही. आणि सिंधुदुर्गातून आलेल्या माणसाने ‘मालवणी’ सांगितलं की ‘मराठी’ सांगितलं यावर तो कोंकणीत मोजला जाणार की मराठीत हे ठरतं.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनाची जाहीर झाली आहे, आणि तिच्यात सगळ्यांची जात विचारली जाणार आहे. सोनकोळी, आगरी, कायस्थ प्रभू यांची अशी नोंद १९३१ नंतर पहिल्यांदाच होईल. प्रगणक दारात आला की तीन गोष्टी करता येतात. धर्म सहांपैकी नसेल तर नाव पूर्ण लिहायला सांगा आणि लिहिलेलं एकदा बघा. मातृभाषेला घरातली बोली हीच सांगायची असेल तर बोलीचं नाव घ्या, ‘तेच ते’ म्हणून सोडू नका. आणि तुम्ही ज्यू असाल तर धर्माच्या जागी ज्यू आणि मातृभाषेच्या जागी मराठी, दोन्ही स्वतंत्र सांगा. आपण नाही सांगितलं तर प्रगणक एकावरून दुसरं ठरवून मोकळा होतो, आणि सिनेगॉगच्या आवारात जी मराठी बोलली जाते ती कागदावर यायची राहून जाते.